एकोणचाळीस फूट



व्याख्यानमालेच्या चालकांनी पत्रिकेत माझ्या नावापुढे जो विषय छापला आहे, तो वाचून मीच थोडा दचकलो. ‘ऊर्जाक्षेत्रातील औद्योगिक अपघातांचे निवारण आणि आपत्कालीन सिद्धता’ असा तो विषय आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ केला, तेव्हापासून या महाराष्ट्रात चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यात विद्वानांची भाषणे ऐकण्याची चाल पडली आहे. मी विद्वान नाही. चौतीस वर्षे मी भट्टीपुढे उभा राहिलो, एवढीच माझी पात्रता. तेव्हा विषयाचे नाव भारदस्त असले तरी मी बोलणार आहे ते इथल्या, पुलाच्या शिरोलीच्या पलीकडे माळावर पसरलेल्या वसाहतीत रोज जे घडते त्याविषयी. मोठ्या जगाकडे अधूनमधून पाहू. पण परत इथेच येऊ.

आरंभ करतो तो भट्टीपासून नव्हे, नदीपासून. कोल्हापूरच्या माणसाला जुलै-ऑगस्टात एकच प्रश्न पडतो, आणि तो रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसालाही विचारायला त्याला संकोच वाटत नाही : “किती फूट?” काय किती फूट, हे सांगावे लागत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती झाली, हा तो प्रश्न. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. शाळेतल्या पोराला सतराचा पाढा येणार नाही, पण हे दोन आकडे येतात. ३९ झाले की नदीकाठची माणसे धान्याची पोती माळ्यावर चढवतात, गोठ्यातली म्हैस सोडून पाहुण्यांच्या गावी नेतात. ४३ ची वाट कोणी पाहत बसत नाही. आणि पाहिली त्यांचे काय झाले ते २०१९ साली आपण पाहिले. तेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०२१ साली तर ५६ फूट ओलांडले.

माझे म्हणणे काय आहे, ते आताच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर उठायचे आहे त्यांची अडचण होणार नाही. जिथे जिथे अग्नी, वीज, वाफ किंवा वायू कोंडून कामाला लावलेला असतो, तिथे तिथे धोक्याच्या आधी एक इशाऱ्याची पातळी असते. नदीची पातळी आपण उघड्यावर लिहून ठेवतो आणि गावभर विचारीत सुटतो. कारखान्यातली पातळी मात्र ज्याला दिसते तो बहुधा सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो, आणि त्याने ती मोठ्याने सांगितली तर त्याला गप्प बसवण्याची आपली रीत आहे. गप्प बसवणाऱ्यांत मीही होतो. ते पुढे सांगेन.

या वसाहतीत काय चालते, हे बाहेरून आलेल्या श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. कोल्हापूरचा धंदा ओतकामाचा. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांनी इथे तेलावरची इंजिने बनवून दाखवली. उसाला पाणी उपसणारे आणि गुऱ्हाळ फिरवणारे इंजिन आपल्या हाताने होऊ शकते, हा विश्वास त्या पिढीने दिला. त्यातून उद्यमनगर वाढले, आणि उद्यमनगरात जागा पुरेना तेव्हा शिरोली, गोकुळ शिरगाव, पुढे कागल-हातकणंगले अशा वसाहती झाल्या. मोटारीचा, ट्रॅक्टरचा, पंपाचा कुठला तरी बिडाचा तुकडा आमच्या वाळूतून निघालेला असतो. पूर्वी हे सारे कोक जाळणाऱ्या क्युपोलावर चाले. क्युपोलाचा शत्रू डोळ्याला न दिसणारा, नाकाला न कळणारा विषारी वायू. चार्जिंगच्या माचीवर माणूस ‘जरा बसतो’ म्हणून बसला आणि उठलाच नाही, अशा गोष्टी जुने लोक सांगत. आता बहुतेक ठिकाणी विजेची इंडक्शन भट्टी आली. धूर कमी झाला. माणसाला वाटले, धोकाही कमी झाला.

ही विजेची भट्टी म्हणजे काय आहे, ते नीट समजून घ्या, कारण माझे अर्धे व्याख्यान त्यावरच उभे आहे. एक मोठी कढई कल्पा. तिच्यात चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस. कढईच्या भोवती तांब्याच्या नळीचे वेटोळे, त्यातून प्रचंड वीज वाहते. एवढी वीज वाहिली की तांबे स्वतःच वितळेल. म्हणून त्या नळीच्या पोटातून अखंड पाणी फिरवतात. म्हणजे आत रस, बाहेर पाणी, आणि दोहोंच्या मध्ये गारेच्या भुकटीचे, ठोकून बसवलेले, काही इंच जाडीचे अस्तर. बस्स. आमच्या सगळ्या संसाराचा आधार ते काही इंच. आणि ते अस्तर दर ओतणीला थोडे थोडे झिजते.

रस आणि पाणी भेटले तर काय होते? घरी तापल्या तव्यावर थेंब पडला की तो नाचतो, आपल्याला गंमत वाटते. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे लिटर जागा मागते. पाणी रसाच्या वर पडले तर ती वाफ वर निघून जाते. चटके बसतात, पण निभावते. पाणी रसाच्या खाली सापडले तर वाफेला वाट नसते. मग ती वाट करून घेते, आणि जाताना रस बरोबर नेते. ओली भंगार, गंजलेल्या नळीचा दोन्ही तोंडे दबलेला तुकडा, मोटारीचा जुना धक्काशोषक, बर्फाळ मुलखात म्हणे बर्फ, आमच्याकडे पावसाचे पाणी, सगळ्यांची करामत एकच.

आता तुम्ही विचाराल, की अस्तर झिजते ते आधी कळत नाही काय? कळते. हीच तर गोष्ट आहे! अस्तरातून रसाचे बोट वेटोळ्याकडे सरकू लागले की गळती दाखवणारे यंत्र बोंब मारते. वेटोळ्यातून बाहेर पडणारे पाणी नेहमीपेक्षा गरम येऊ लागते. भट्टीत वरचा माल एकमेकांना चिकटून छत धरतो आणि खाली रस कोंडून तापत राहतो, तेव्हा वीज ओढण्याची चाल बदलते. ओतणी झाल्यावर आत डोकावले तर अस्तरावर काळा चट्टा दिसतो. ३९ फूट, ३९ फूट, ३९ फूट! आणि आम्ही काय करतो? यंत्र सारखे बोंबलते म्हणून त्याची वायर काढून ठेवतो. मी स्वतः अशा काढलेल्या वायरी पाहिल्या आहेत. चांगल्या, टेप गुंडाळून, नीटनेटक्या काढलेल्या. ज्याने काढल्या त्याला आपण काय करतो आहोत ते पुरते ठाऊक होते.

आता माझी गोष्ट. कारखान्याचे नाव सांगत नाही. तो आज नाही, आणि असता तरी दोष त्याचा नव्हता, माझा होता. १९९३ सालचा जुलै. मी पाळीचा इंजिनिअर. भंगाराचा ढीग उघड्यावर, वर फाटकी ताडपत्री. भट्टी अर्धी भरलेली, आणि दोन तासांत ओतणी झालीच पाहिजे, कारण सकाळी माल पुण्याला जायचा होता. चार्ज टाकणारा मुलगा शिये गावाकडचा, वीस-एकवीस वर्षांचा. तो म्हणाला, “सायेब, माल वलाय. जरा भट्टीच्या कडंला ठिवूया, वाफ निघू द्या.” मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, टाक. तो पुन्हा म्हणाला, “ह्या पायपात पानी हाय बगा, हालीवल्यावर वाजतंय.” मी म्हणालो, “मला शिकवू नकोस.”

श्रोतेहो, हे तीन शब्द मी गेली तीस वर्षे ऐकतो आहे.

त्याने टाकले. पुढचे वर्णन मी करणार नाही. इथे बायामुले बसली आहेत. तो वाचला, पण त्याचा उजवा डोळा गेला आणि मानेपासून कोपरापर्यंतची कातडी गेली. त्या रात्री मी अपघाताची वही भरली. तीत एक रकाना असतो, ‘अपघाताचे कारण’. मी लिहिले : कामगाराचा निष्काळजीपणा. माझे अक्षर चांगले आहे. ते वळणदार अक्षर पाहून मालकांनी सही केली, आणि कागद पुढे गेला.

पंधरा दिवसांनी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला. तो मला काही बोलला नाही. निघताना उंबऱ्यापाशी एवढेच म्हणाला, “सायेब, म्या दोनदा सांगितलं हुतं.” तक्रार म्हणून नव्हे, हिशेब सांगावा तसे. पहिल्यांदा सांगितले ते ३९ फूट होते, दुसऱ्यांदा सांगितले ते ४३. पाणी किती चढले ते त्याने मला बंधाऱ्यावरच्या पाटीसारखे वाचून दाखवले होते. पुढे मी कारखान्यात सांगून त्याच्यासाठी तोलकाट्यावरची जागा मिळवून दिली, आणि वहीतला तो शेरा बदलून घ्यायचा प्रयत्न केला. जागा मिळाली. शेरा बदलला नाही. एकदा पुढे गेलेला कागद मागे येत नाही, असे मला सांगण्यात आले.

हे अडाणी देशातले, गरीब कारखान्यातले प्रकार आहेत, असे कोणाला वाटत असेल तर इंग्लंडची हकीकत ऐका. स्कंथॉर्प या गावी पोलादाचा मोठा कारखाना. ४ नोव्हेंबर १९७५ च्या पहाटे तिथल्या ‘क्वीन व्हिक्टोरिया’ नावाच्या झोतभट्टीची थंड पाण्याची नळी गळू लागली, आणि ते पाणी वाहत जाऊन रस नेणाऱ्या रुळावरच्या अवाढव्य टाकीत शिरले. टाकीत पावणेदोनशे टनांच्या आसपास रस. पाणी रसाच्या वर साचून उकळत राहिले. वर होते तोवर काही झाले नाही. मग ती टाकी हलवायला घेतली. टाकी हलली, रस हिंदकळला, पाणी खाली गेले. ११ माणसे दगावली. जिथे भट्ट्यांना राण्यांची नावे देतात, तिथेही पाण्याने तेच केले. फरक असा की त्यानंतर तिथे सविस्तर चौकशी झाली, आणि टाकीत पाणी गेल्याचा संशय जरी आला तरी ती हलवायची नाही, हा धडा साऱ्या धंद्याने घेतला. आमच्या वहीत मात्र निष्काळजीपणा.

भट्टीचे हे जे शास्त्र, तेच वीज आणि इंधन निर्माण करणाऱ्या मोठ्या ठिकाणांचे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला इथल्या कोळशाच्या खाणीत जुन्या, पाण्याने भरलेल्या खोदकामातले पाणी मधली भिंत फोडून आत आले आणि ३७२ माणसे बुडाली. भिंतीच्या पलीकडे पाणी आहे हे गुपित नव्हते. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशात उंचाहारच्या औष्णिक वीजकेंद्रात पाचशे मेगावॅटच्या नव्या संचात राख अडकून राहिली. राख काढण्याचे काम चालू ठेवले, आणि संचही चालू ठेवला. चाळीसहून अधिक जीव गेले. संच बंद करायला काय लागते? एक निर्णय. तो महाग असतो हे मी जाणतो. पण त्या दिवशी तो ज्याने घ्यायचा त्याच्या कानापर्यंत राखेजवळचा माणूस पोचू शकत होता का, हा मला पडलेला प्रश्न आहे.

आणि जयपूर. ते आपल्याला जवळचे वाटावे असे आहे, कारण तिथेही तेलाचे कोठार सीतापुरा नावाच्या औद्योगिक वसाहतीला लागून होते. २९ ऑक्टोबर २००९ च्या सायंकाळी टाकीतून पेट्रोल दुसरीकडे पाठवण्याची तयारी चालू असताना नळावरून गळती सुरू झाली. जवळचा कामगार त्या वाफेनेच गुदमरला. त्याला सोडवायला गेलेलाही टिकला नाही. सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत होते. सव्वा तास! लांबून कळ दाबून नळ बंद करण्याची सोय चालू अवस्थेत नव्हती, आणि विषारी वाफेत शिरायचे तर अंगावर हवेची टाकी बांधून जाणारा माणूस तयार नव्हता. वाफेचा ढग वसाहतीत पसरला आणि कुठेतरी ठिणगी मिळताच उडाला. ११ माणसे गेली, आजूबाजूचे कारखाने मोडले, आणि आग ११ दिवस जळत राहिली. ती विझवता येत नाही म्हणून जळू देणे भाग पडले. पुढे एम. बी. लाल समितीने पुष्कळ शिफारशी केल्या. त्यांतली मला सर्वांत पटलेली अगदी साधी आहे : नळ बंद करण्याची कळ धोक्याच्या जागेपासून दूर, बाहेरून हाताला येईल अशी असावी. आमच्या आयाबायांनी हे कधीच ओळखले आहे. चुलीवरचे भांडे उतरवायचा चिमटा त्या चुलीत ठेवत नाहीत.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे फार सोपे वाटेल. इशारा नेहमी तारीख सांगत नाही. आपली वीज कोयनेवरून आली, तिचे उदाहरण घ्या. धरणात पाणी साठू लागले तशी १९६२ नंतर त्या भागात धरणीचे बारीक हादरे जाणवू लागले. ते मोजायला भूकंपमापक यंत्रे बसवली. १९६७ च्या सप्टेंबरात एक मोठा हादरा बसला. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे साडेचारच्या आत तो सर्वश्रुत भूकंप झाला, कोयनानगर कोसळले, १८० च्या आसपास माणसे गेली, मुंबईची वीज गेली. इतके इशारे मिळूनही दिवस कोणी सांगू शकत नव्हता. पण धरण तडे जाऊनही उभे राहिले, आणि मग त्याच्या उंच भागांना आधार देऊन ते बळकट केले गेले. जिथे दिवस सांगता येत नाही तिथे आधार द्यावा लागतो. सिद्धता ती हीच.

सिद्धता या शब्दाकडे आता वळतो, कारण अपघात टाळणे हे अर्धेच काम आहे. आमच्याकडे सिद्धता बहुधा कपाटात असते. जाडजूड पुठ्ठ्यात बांधलेला आराखडा, त्यात ‘आपत्ती नियंत्रक’ म्हणून ज्याचे नाव आहे तो गृहस्थ दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला. ४ मार्चला सुरक्षा दिन येतो. १९६६ साली त्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून तो पाळतात. बिल्ला लावतात, शपथ घेतात, आगीचा बंब उघड्यावर पेटवलेल्या टोपलीभर कागदांवर मारून दाखवतात, आणि चहा होतो. चहाला माझा विरोध नाही. पण आग कधी अशी वेळ सांगून, दुपारी चार वाजता, सगळे साहेब हजर असताना लागते का? कवायत करायची तर रात्रपाळीला, दिवे घालवून करा. मग कळेल की हाताने चालवायच्या पंपाचा दांडा कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही.

दिवे घालवून, हे मी उगाच म्हणत नाही. भट्टी रसाने भरलेली असताना वीज गेली म्हणजे काय होते? वीज गेली की तापणे थांबते खरे, पण आतला रस तासन् तास तसाच धगधगत असतो. पाणी फिरवणारा पंप थांबतो. वेटोळ्यातले पाणी उकळू लागते. भट्टी कलती करणारा तेलाचा दाबही विजेवर, म्हणजे ओतून मोकळे व्हावे तर तेही नाही. म्हणून उंचावर पाण्याची टाकी हवी, वीज गेली की आपोआप उतारावरून पाणी सुरू होईल अशी. किंवा डिझेलचा पंप हवा. आणि हाताने भट्टी कलती करायची सोय हवी. हे सगळे बहुतेक ठिकाणी बसवलेले असते. त्या टाकीत पाणी आहे का, आणि त्या पंपात डिझेल आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

२०१९ च्या ऑगस्टात काय झाले ते आठवा. पंचगंगा महामार्गावर आली आणि पुणे-बंगळूर रस्ता शिरोलीपाशी आठवडाभराच्या आसपास बंद राहिला. दोन्ही बाजूंना मैलोन् मैल मालमोटारी. शहरात पेट्रोल नाही, गॅस नाही, कित्येक भागांत वीज नाही, आणि नदी दारात असून प्यायला पाणी नाही. रस्ता थोडा मोकळा झाला तेव्हा आधी अत्यावश्यक मालाच्या गाड्या सोडल्या गेल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. ज्यांनी आपल्या जनित्राला तासाभराचे डिझेल ‘पुरेसे’ मानले होते, त्यांचा हिशेब नदीने तपासला. विजेची मोठी फळी आणि जनित्र तळघरात किंवा सखल कोपऱ्यात बसवू नका, दोनदा आलेल्या पाण्याची खूण भिंतीवर अजून आहे, ती पाहून जागा ठरवा, एवढे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

महामार्गाचा विषय निघालाच आहे, तर जे कारखान्यात काम करीत नाहीत त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून घेतो. या रस्त्यावरून रात्रंदिवस गॅसचे टँकर जातात. २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री केरळात कण्णूरजवळ चाला या गावी असा एक टँकर दुभाजकाला धडकून उलटला. गॅस गळला, रस्त्याकडेच्या घरांत पसरला, मग पेटला. २० माणसे गेली. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो आकाशात उडून जात नाही. पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत सरकतो, गटारात उतरतो, सखल जागी साचतो. तेव्हा असा टँकर उलटलेला दिसला तर बघायला जाऊ नका. वारा ज्या दिशेने येतो आहे त्या दिशेला, आणि चढाकडे निघा. मोटारसायकल सुरू करू नका, चालत जा. घरातला दिवा लावू नका, लागलेला असेल तर बटण बंदही करू नका. ठिणगी दोन्हीकडून पडते. चूल विझवा. आणि लांब गेल्यावर ११२ ला कळवा. घरच्या सिलिंडरची गळती असेल तर १९०६ हा क्रमांक आहे. भगिनींनी तो स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीवर नव्हे, दाराजवळ लिहून ठेवावा.

आता मालकवर्गाचा आक्षेप. पुढच्या रांगेत काही जण बसले आहेत आणि ते सभ्यपणाने गप्प आहेत. तो आक्षेप असा, की प्रत्येक पोरगा ‘थांबा’ म्हणू लागला तर कारखाना चालायचा कसा? आक्षेप खोटा नाही. मी पन्नास टनांचा हिशेब देणारा माणूस होतो. एक ओतणी चुकली की काय होते ते मला माहीत आहे. छोट्या कारखानदाराच्या मागे बँक असते, गिऱ्हाईकाचा तगादा असतो, विजेचे बिल असते. पण जरा अनुभव पाहा. माझ्या सबंध नोकरीत ‘थांबा’ म्हणणारा कामगार मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटला. कामगाराला थांबण्याची हौस नसते. त्याचा पगार तुकड्यावर असतो. तो थांबा म्हणतो तेव्हा त्याने काहीतरी पाहिलेले असते. भोपाळच्या १९८४ च्या संहारानंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात एक कलम घालण्यात आले, की जीवावरचा धोका समोर दिसला तर तो मालकाच्या नजरेस आणून देण्याचा कामगाराला हक्क आहे आणि मालकाने तात्काळ उपाय केला पाहिजे. इतकी साधी गोष्ट कायद्यात लिहायला हजारो माणसे मरावी लागली. तरी तो हक्क वापरणारा माणूस ठेकेदाराचा असेल, उद्या कामावर घ्यायचा की नाही हे ज्याच्या हाती आहे त्याच्याच समोर उभा असेल, तर कलमाचा आवाज फुटत नाही. शिवाय आज भट्टीपुढे उभा असलेला मुलगा बहुधा बिहारचा नाहीतर ओडिशाचा. आमच्या भिंतीवरच्या पाट्या शुद्ध मराठीत किंवा त्याहून शुद्ध इंग्रजीत. त्याने वाचायचे काय?

भट्टीच्या खाली एक खड्डा असतो, त्याविषयी सांगून मी थांबतो. अस्तर फुटून रस खाली आलाच तर तो या खड्ड्यात उतरावा आणि माणसे वाचावीत, म्हणून तो खोदलेला असतो. तळाला कोरडी वाळू. पण आपल्याकडे पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी वर येते आणि त्या खड्ड्यात झिरपते. म्हणजे जो वाचवायला ठेवला, तोच जीव घेणारा होतो. वर चालवणाऱ्याला खड्डा दिसत नाही.

निवृत्त झाल्यावर इथल्याच एका लहान कारखान्यात मी सल्ला द्यायला जातो. तिथे खड्ड्यातले पाणी कळावे म्हणून काय यंत्र बसवावे, याचा मी विचार करीत होतो. तिथला एक मोल्डर, पुष्कळ वयाचा, म्हणाला, “यंत्र कशाला, साहेब? वाळू मुठीत धरली की आमाला कळतंय की.” खरेच आहे. साचा करणारा माणूस आयुष्यभर दुसरे काय करतो? मूठ आवळायची, उघडायची. वाळूचा लाडू टिकला तर ओल आहे, विस्कटला तर कोरडी. तेव्हापासून तिथे असे ठरले आहे, की पावसाळ्यात भट्टी सुरू करण्याआधी एकाने बॅटरी घेऊन खाली उतरायचे, तळाची मूठभर वाळू आणायची आणि ती बटणाच्या फळीपाशी पांढऱ्या कागदावर ठेवायची. लाडू तसाच राहिला तर बटण दाबायचे नाही, मग साहेब कोणीही असो. हे वाचायला मराठी लागत नाही आणि इंग्रजीही लागत नाही.

परवा वळवाचा मोठा पाऊस झाला, तुम्हाला ठाऊक आहे. काल सकाळी मी तिथे डोकावलो. फळीपाशी कागद होता, कागदावर वाळूचा गोळा, त्यावर चार बोटांची खूण स्पष्ट उमटलेली. भट्टी थंड होती. खाली दोघे जण बादलीने पाणी उपसत होते, आणि ओडिशाकडचा एक मुलगा फळीपुढे स्टूल टाकून बसला होता. मी बटणाकडे हात नेला, मुद्दामच. त्याने माझा हात धरला.